स्लॅलम स्की: खाडीत सराव करताना फिनला हात लावावा का?

पळती_फळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वॉटर स्कीइंगवरचे जुने धागे चाळले. बहुतेक सगळे "तारकर्लीला बनाना राइडचे किती घेतात" यावर येऊन थांबतात, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय फक्त स्लॅलम. एक फळी, सहा बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, बोटीमागे दोरी धरून त्यांना वळसा घालत जायचं), आत जायचं गेट आणि बाहेर पडायचं गेट.

आम्ही चौघंजण देवगड ते विजयदुर्ग पट्ट्यातल्या एका खाडीत सराव करतो. नेमकी जागा लिहीत नाही, मागे एका ठिकाणी लिहिली आणि पुढच्याच आठवड्यात दोन बोये चालते झाले. कोर्स मापाचा आहे: 259 मीटर लांब, बोये मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर. बोट आउटबोर्डची, वेग जीपीएसवर धरतो. वेग ताशी 55 किलोमीटर, दोरी 14.25 मीटर. माझं वजन 80 किलो, स्की 67 इंची.

फिनचे (फळीच्या शेपटीखालचं पातं) आकडे, इंचांत: लांबी 6.870, खोली 2.490, शेपटीपासून अंतर 0.760, फिनवरचा पंख 8 अंश. पुढचा बूट शेपटीपासून साडेएकोणतीस इंचांवर.

तक्रार अशी. ऑनसाइड, म्हणजे सोयीच्या बाजूची वळणं व्यवस्थित होतात. ऑफसाइडला, म्हणजे अवघड बाजूला, बोया ओलांडून हात लांब केला की मागचा पाय एकदम पोकळ होतो, शेपूट निसटतं, फळी आडवी येते. मग दोरी ढिली आणि त्यानंतरचा हिसका थेट खांद्यात. चौथ्या बोयाला तर हमखास. पण गंमत म्हणजे दर फेरीला होत नाही. एखादी अख्खी फेरी काही कुरकुर न करता जाते आणि पुढचीला तेच पाढे.

फिन खोल करू, मागे सरकवू, की बूट हलवू?

कॅलिपरवाली

आधी एक विचारते. लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजलीत की जबड्याच्या सपाट भागाने? दोन्हींचे आकडे वेगळे येतात आणि लोक एकमेकांचे आकडे बिनदिक्कत उतरवून घेतात. कंपनीने दिलेला आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते पाहूनच तुलना करा.

आता फिनबद्दल. सर्वसाधारण अनुभव असा की खोली वाढवली की शेपूट पाणी जास्त धरतं, वळण गोल होतं, थोडं सावकाश होतं. खोली कमी केली की शेपूट चटकन फिरतं, आणि फारच कमी केली की तुम्ही म्हणता तसं सुटतं. फिन पुढे सरकवली तर फळी टोकावर जास्त वळते, मागे नेली तर शांत चालते. लांबी वाढवली की टोक पाण्यात जास्त बसतं. पंख म्हणजे ब्रेक. कोन वाढवला की बोयाच्या आधी वेग लवकर उतरतो.

पण हे आकडे सुटे नाहीत. फिनचा आकार तिरका आहे, ती खाचेत थोडी फिरवली की खोलीबरोबर लांबीही बदलते. म्हणून एक स्क्रू ढिला करून "फक्त खोली" बदलायला गेलात तरी घट्ट केल्यावर तिन्ही मापं पुन्हा घ्यायची. घट्ट करतानासुद्धा फिन किंचित सरकते. मी स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळते आणि शेवटी परत मोजते.

एका वेळी 0.010 इंच, त्याहून जास्त नाही. म्हणजे पाव मिलिमीटर. तुमच्या जागी मी 2.500 करून पाहिलं असतं. बुटाला इतक्यात हात लावू नका, बुटाचं एक भोक म्हणजे फिनच्या मानाने फार मोठी उडी.

उन्हाळी_पाहुणा

पाव मिलिमीटर?? आम्ही नागावला दोन फळ्यांवर कसेबसे उभे राहिलो, त्याचेच फोटो अजून दाखवतोय. एवढं करून मिळतं काय?

सहावा_बोया

@उन्हाळी_पाहुणा, अर्धा बोया मिळतो. या खेळात तो पुष्कळ झाला.

थोडक्यात सांगतो. आधी वेग वाढत जातो, तीन-तीन किलोमीटरच्या पायऱ्यांनी: 49, 52, 55. खुल्या गटातल्या पुरुषांना 58, बायकांना 55. आपल्या वयोगटाचा वरचा वेग गाठला की मग बोट तीच, कोर्स तोच, फक्त दोरी तोकडी करत जायची. 18.25, 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25, 9.75. गणित बघा: बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर आणि 11.25 ला दोरी त्याहून आखूड. म्हणजे हँडल बोयापर्यंत पोचूच शकत नाही, उरलेलं अंतर अंगाने गाठायचं. बोट सरळ जात असते, तुम्ही तिच्या जवळजवळ बरोबरीला येऊन लटकलेले असता. 2013 मध्ये अमेरिकेच्या नेट स्मिथने 58 च्या वेगाला 9.75 वर अडीच बोये घेतले. अडीच! त्या अर्ध्याचीही नोंद होते.

तेव्हा पाव मिलिमीटरला हसायचं नाही. अर्थात 14.25 वर त्याने किती फरक पडतो हा वेगळा वाद आहे, आणि तो इथे होणार हे दिसतंच आहे.

तांडेलाचा_भाचा

पळती_फळी दादा, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. "दर फेरीला होत नाही." मग कुठल्या फेरीला होतं? मुखाकडून आत जाताना की बाहेर येताना? आणि तेव्हा पाणी वाढतं होतं की सुकतं?

विचारायचं कारण असं. तुमचा वेग जीपीएसवर, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने. कोर्सही तळाला नांगरलेला, तोही जमिनीच्या हिशोबाने. पण फळी जमिनीवर चालत नाही. खाडीत एक नॉटचा ओढा (पाण्याचा प्रवाह) असेल, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेला तेवढा सहज असतो, तर तो झाला ताशी 1.85 किलोमीटर. बोट 55 दाखवते तेव्हा पाण्याविरुद्ध तुमच्या फळीखालून पाणी 56.85 ने जातंय आणि पाण्यासोबत 53.15 ने. दोन्हींत 3.7 चा फरक. सहावा_बोया यांनी वर लिहिलंय की वेगाची पायरी तीनची असते. म्हणजे तुम्ही जाताना एका पायरीवर स्की करता आणि येताना दुसऱ्याच, आणि स्टॉपवॉच दोन्हींना 16.95 सेकंदच दाखवतं! पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा दोन दिशांत साधारण 14 टक्क्यांचा फरक पडला.

पाण्याविरुद्ध फळी जास्त उचलली जाते, शेपूट हलकं पडतं. तुमची तक्रार मला तरी तिथलीच वाटते. अशात फिन खोल केलीत तर वर जाताना बरं वाटेल आणि खाली येताना फळी वळेचना म्हणून दुसरा धागा काढाल.

मोजायला यंत्र नको. नारळाचं एक सोडण पाण्यात टाका आणि एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत त्याला किती वेळ लागतो बघा. ते अंतर 41 मीटर. 80 सेकंद लागले तर ओढा एक नॉटचा. होडीतून टाका, काठावरून नको, काठाला पाणी उलटं फिरतं.

आमचा मामा तांडेल. त्याला फिन दाखवली तर म्हणाला, "मेल्या, पाणी वाढता की सुकता ता आधी बघ, मगे फळयेक नाव ठेव."

मतलई

ओढ्याचं पटलं. पण माझं मत विचाराल तर गडी दुसऱ्या वेकनंतरही (वेक म्हणजे बोटीमागे दोन बाजूंना उठणारी लाट) ओढतोय, म्हणून शेपूट सुटतंय. 14.25 वर फिनमुळे दोरी ढिली पडत नाही हो, उशिरा सोडल्यामुळे पडते.

सांगतो कसं. गेटमधून आत शिरताना सगळा जोर पहिल्या वेकच्या आधी लागला पाहिजे. घोटे, गुडघे, कंबर, खांदे एका तिरक्या रेषेत, हात सरळ, कोपरं जॅकेटला लागलेली. दुसऱ्या वेकपाशी फळी सपाट होऊन कड बदललेली हवी. पण ज्याला वाटतं की आपण उशीर केलाय, तो वेक ओलांडूनही ओढत राहतो. त्याने वेग वाढतो आणि रुंदी मिळत नाही. बोयाशी पोचेपर्यंत फळी बोटीपेक्षा जास्त पळत असते, मग दोरी ढिली पडणारच. ढिल्या दोरीवर वळायचं तर सगळं वजन मागच्या पायावर जातं. मागच्या पायावर वजन आलं की शेपूट सुटणार, कुठलीही फिन लावा.

ऑफसाइडला हे जास्त दिसतं कारण तिथे कंबर वळणाच्या उलट दिशेला उघडी असते आणि माणूस हँडल लवकर सोडून हात पुढे फेकतो. दोन्ही हात हँडलवर जितका वेळ ठेवता येतील तितका ठेवा, हँडल कमरेजवळ खाली, आणि मग एक हात सावकाश पुढे जाऊ द्या. फेकू नका.

आणि हे सगळं गेटपासून सुरू होतं. गेटसाठी बाहेर पडताना अरुंद राहिलात की पहिल्याच बोयाला उशीर, आणि तो उशीर चौथ्यापर्यंत साचत जातो. चौथ्याला हमखास म्हणालात ना? दोन बोयांमध्ये तुमच्याकडे पावणेतीन सेकंदही नसतात, तिथे उसनं फेडायला वेळ कुठून आणणार?

कॅलिपरवाली

@मतलई, असं सरसकट "फिन काही करत नाही" म्हणू नका. मी 12 च्या दोरीवर असताना फिन 0.010 ने मागे नेली आणि ऑफसाइडचं धसकणं त्याच सकाळी थांबलं. तंत्र तेच, पाणी तेच.

मतलई

12 वर, 14.25 वर नव्हे. तेच म्हणतोय.

सहावा_बोया

तुमचं दोघांचं चालू दे. पण @पळती_फळी, दोरी शेवटची कधी मोजलीत? नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते आणि खाऱ्या पाण्यात, उन्हात ठेवलेली जुनी दोरी कडक होऊन भलतीच वागते. वीसेक किलोचा ताण देऊन मोजायची, नुसती अंगणात पसरून नव्हे. 14.25 समजून 14.40 वर स्की करणारे लोक मला माहीत आहेत. मग एखाद्या स्पर्धेत मापाची दोरी मिळाली की "बोट वाईट होती".

पळती_फळी

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या, जमेल तसं लिहितो.

सोडण टाकलं. सुकतीला, मधल्या वेळेत, 41 मीटरला नव्वदच्या आसपास सेकंद. म्हणजे नॉटला थोडा कमी. वर जाताना साधारण 56.6, खाली येताना 53.4. (बरोबरची दोन पोरं आता सोडणांची शर्यत लावतात. स्की बाजूला.)

मग मोबाइलवरचे जुने व्हिडिओ काढले आणि प्रत्येकाची वेळ भरतीच्या तक्त्याशी ताडली. जिथे शेपूट सुटलंय त्या फेऱ्या जवळजवळ सगळ्या पाण्याविरुद्धच्या. तांडेलाचा_भाचा, मामांना नमस्कार सांगा.

पण तेच व्हिडिओ हळू करून पाहिले तर मतलई म्हणतात तेही दिसतं. दुसरी वेक गेली तरी खांदे मागे, ओढ चालूच. पाण्यासोबतच्या फेऱ्यांतही दिसतं, फक्त तिथे वेग कमी असल्याने निभावून जातं. दोरी मोजली, 14.25 ला काही बोटं जास्त भरली. बदलली. फिनला अजून हात लावलेला नाही.

आता प्रश्न असा: पाणी रोज बदलणार, मग फिन लावायची कुठल्या पाण्यासाठी?

तांडेलाचा_भाचा

थांबलेल्या पाण्यासाठी. आणि ते कधी मिळतं हे पंचांगात लिहिलेलं असतं.

तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. मोटामोटी आहे, मुंबईपेक्षा मालवणकडे भरती आधी येते आणि खाडीत आत जाल तशी मागे पडते, तेव्हा आपल्या जागेचा फरक दोनचार दिवस पाहून ठरवायचा. आणखी एक, भरती पूर्ण होणं आणि ओढा थांबणं या खाडीत एकाच मिनिटाला होत नाहीत. सोडण थांबलं की पाणी थांबलं, घड्याळाचं ऐकू नका.

अष्टमीनंतर भांगाचं पाणी असतं. चढउतार कमी, म्हणून ओढाही कमी आणि पाणी थांबतं तेही जास्त वेळ. त्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, खाडीवर सुरकुतीसुद्धा नसते. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की संपलं. म्हणजे नवमी-दशमीची सकाळ ही फिन लावायची वेळ. अष्टमीला थंडीच्या दिवसांत सहाला अंधारच असतो, अंधारात कुणी दोरी धरू नये.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला फिन जुळवायला बसूच नका. तेव्हा गेटचा आणि बाहेर पडायचा सराव करा.

कॅलिपरवाली

हे उत्तम. यात एवढंच घालते की त्या सकाळी एकच आकडा बदला, दोन्ही दिशांना फेऱ्या घ्या, आणि लिहून ठेवा: तिथी, वेळ, दिशा, फिनची मापं. डोक्यात ठेवलेलं राहत नाही.

दुसरं. कंपन्यांचे आकडे बहुतेक गोड्या तळ्यांतल्या सरावातून आलेले असतात. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, त्यात फळी जरा वर तरंगते. स्पर्धा बहुतेक वेळा तळ्यावर असते. खाडीत जुळवलेली फिन तिथे जशीच्या तशी चालेल असं धरू नका, आदल्या दिवशी एकदा तरी पाण्यात उतरायला मिळालं तर पाहा.

खारा_स्क्रू

धागा वाचनमात्र वाचत होतो, पण मिठाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून आलो.

फिनच्या ब्लॉकमध्ये मीठ बसतं. वरून धुतलेली फळी स्वच्छ दिसते, पण खाचेत फिन आणि ब्लॉकच्या मधे पांढरी रेघ जमते आणि स्क्रूच्या आट्यांत हिरवट-पांढरी भुकटी. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये स्टीलचा स्क्रू आणि खारं पाणी म्हटलं की तो जाम होणारच. मग अॅलन की घालून जोर लावला की डोक्याचा षट्कोन गोल होतो, पुढे ड्रिलशिवाय इलाज नाही. रोज गोड्या पाण्याची बादली, आणि महिन्यातून एकदा फिन पूर्ण काढून, घासून, स्क्रूला जाम न होणारं ग्रीस लावून परत बसवायची. काढण्याआधी मापं लिहून घ्या.

कॅलिपर होडीत नेत असाल तर झिपच्या पिशवीत.

आणि बोये. कोर्स पाण्याखाली राहिला की दोरांना कालवं धरतात. उचलताना हातमोजा चिरतो, मागून हात. भरती-ओहोटीत पाणी दीड-दोन मीटर खालीवर होतं, तेव्हा दोर भरतीच्या मापाने बांधला तर ओहोटीला बोया सैल होऊन ओढ्याबरोबर सरकतो. खाडीला वळण असेल तर तो आडवाही सरकतो आणि तुमचे साडेअकरा मीटर साडेअकरा राहत नाहीत. मधे रबरी नळीचा ताणणारा तुकडा घातला की बोया बराचसा जागेवर राहतो. आम्ही तसंच करतो, शिवाय काम झालं की कोर्स काढून घेतो. डोल (मासेमारीचं जाळं) लावणाऱ्यांशी भांडण नको, खाडी आधी त्यांची आहे.

उन्हाळी_पाहुणा

मे महिन्यात येणार आहे तिकडे. बघायला तरी मिळेल का? काठावरून.

पळती_फळी

@उन्हाळी_पाहुणा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात या. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, आम्हीही कोर्स उचलून ठेवतो. आणि बघायला कशाला, बोटीत मागे तोंड करून बसणारा माणूस आम्हाला रोज कमी पडतो. स्कीअर पडला की ओरडायचं, हात वर केला की ठीक आहे असं समजायचं. एवढंच काम आहे, चहा आमच्याकडून.

@खारा_स्क्रू, रबरी नळी किती जाडीची वापरता? आमची एका उधाणातच तुटली.

खारा_स्क्रू

जाडीपेक्षा लांबी बघा. तोकडा तुकडा दुपटीपेक्षा जास्त ताणला जातो आणि तुटतो. भरतीला पाणी पूर्ण चढलं तरी नळी दुपटीच्या आत राहील एवढी लांब घ्या. आणि नळीच्या बाजूने एक सुटा दोर बांधून ठेवा, म्हणजे तुटली तरी बोया समुद्रात जाणार नाही. गाठीपाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नळी तिथेच आधी कापली जाते.

पळती_फळी

करतो. येत्या दशमीला खोली 2.490 तशीच ठेवून फक्त दुसऱ्या वेकपाशी सोडण्यावर काम. त्यानंतरही थांबलेल्या पाण्यात शेपूट सुटलं तर 2.500. दोन्ही दिशांचे व्हिडिओ इथेच टाकेन.

मतलई

टाका. बोटीतून घेतलेले हवेत, काठावरून काही कळत नाही.